एक टाका तिरका गेला तर...

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४६. घरूनच शिवणकाम करते. चार वर्षांपासून मान आणि उजवा खांदा दुखतो. खांद्याच्या पात्याखाली तर सारखी ओढ लागलेली असते. एमआरआयमध्ये मानेच्या दोन चकत्या थोड्या बाहेर आल्याचं निघालं. गोळ्या झाल्या, शेक झाला, फिजिओथेरपी झाली. चार दिवस बरं वाटतं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

माझा स्वभाव असा की, टीप एका धाग्याने जरी हलली तरी मला ती दिसते, आणि मग झोप येत नाही. रात्री अकरा वाजता उठून कॉलर उसवलेली आहे. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसलं नसतं, हे मला कळतं. उसवताना मी स्वतःला जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते; तिच्या हातून चुकलं तर मात्र मी कधी आवाज चढवत नाही. फिजिओने दिलेल्या व्यायामाची वही ठेवली आहे. रोज दुखणं दहापैकी किती, तेही त्यात लिहिते. दोन दिवस व्यायाम राहिला की सगळाच सोडून देते आणि मग सोडला म्हणून स्वतःवर चिडते. परवा डॉक्टर म्हणाले, ‘‘तुमच्या दुखण्याला तुमचा स्वभावही कारण असावा.’’ म्हणजे हे दुखणं माझ्या मनाचं आहे का? आणि स्वभाव बदलायचा म्हणजे वाट्टेल तसं शिवायचं का? मग मला काम कोण देईल?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं पत्र त्या भीतीपोटीच लिहिलं गेलं असावं. नाही, वाट्टेल तसं शिवायचं नाही. जुन्या दुखण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत कसबी माणसं पुष्कळ असतात : हिशेब तपासणारी, नकाशे काढणारी, वाद्यं जुळवणारी, शिवणारी. त्यांना ‘एवढं मनाला लावून घेऊ नका, जरा ढिलं सोडा’ असं सांगितलं की ती मान डोलावतात आणि परत फिरकत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. ज्या गोष्टीवर पोट आणि अभिमान दोन्ही चालतात, तीच ढिली सोडायला सांगणारा सल्ला कोण ऐकेल?

१९९० साली रँडी फ्रॉस्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत परफेक्शनिझम, म्हणजे सगळं बिनचूकच हवं हा अट्टहास, मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात स्वतःकडून ठेवलेल्या उंच अपेक्षांना वेगळे गुण आहेत आणि चुकांच्या धास्तीला वेगळे. चिंता, खिन्नता यांच्याशी जास्त घट्ट नातं निघालं ते चुकांच्या धास्तीचं. तुमच्या भाषेत सांगायचं तर ‘कॉलर सरळ बसली पाहिजे’ हे झालं माप. ‘नाही बसली म्हणजे मी कुचकामी’ ही झाली शिक्षा. शिक्षा काढली तरी माप जागेवर राहतं, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. त्या मुलीवर तुम्ही कधी आवाज चढवत नाही, तरी ती शिकतेच आहे ना? शिकत नसती तर तुमचा स्वभाव बघता तेही तुम्ही लिहिलं असतंत.

आता ‘मनाचं दुखणं’. हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं आणि विचारताना बहुतेकांचा आवाज दुखावलेला असतो, जणू त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप झाला आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या मते वेदना म्हणजे शरीराला झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी जोडलेला, किंवा तशा इजेसारखा भासणारा, अप्रिय असा संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव. संवेदना आणि भावना दोन्ही एकाच अनुभवात आल्या. ‘मला दुखतंय’ असं कुणी सांगितलं तर त्याचा मान राखावा, असंही तिने सोबत नमूद केलं आहे. तेव्हा तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर वाद नको. ते सगळं त्या दोन चकत्यांतून येतं का, एवढाच प्रश्न उरतो.

त्याबद्दल एक आकडा सांगते. जपानमध्ये १,२११ धडधाकट माणसांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. यांतल्या कुणालाही मानेची तक्रार नव्हती. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, अगदी विशीतल्या बहुतेकांच्यासुद्धा. तुमच्या चकत्या कदाचित दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून तशाच असतील. तो रिपोर्ट सारखा काढून वाचत असाल (वाचत असणार), तर कपाटात ठेवून द्या.

पण एक अट आहे. हातातली ताकद कमी होत असेल, सुई ओवायला किंवा बटण लावायला बोटं पूर्वीसारखी वळत नसतील, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कधी कर्करोग झालेला असेल किंवा दुखणं पडण्या-आपटण्यानंतर सुरू झालं असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा. यातलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

स्वभावाचा आणि खांद्याचा संबंध येतो कुठून? एक वाट अगदी सरळ आहे. स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी स्त्रियांच्या मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या मोठ्या स्नायूची, ट्रॅपेझियसची, विद्युतहालचाल मोजली. १९९४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. हातांना काहीही काम न देता नुसती मनातल्या मनात गणितं करायला सांगितली तरी तो स्नायू कामाला लागत होता. शरीराला भार आणि सोबत डोक्यालाही ताण, असं दिल्यावर तो आणखी आवळत होता.

आता तुमच्या रात्री अकराच्या बैठकीकडे बघू. मान वाकलेली, हातात बारीक काम, डोळे ताणलेले, दिवसभराचा शीण, आणि वर स्वतःलाच शिव्या. हेच शब्द दुसऱ्या कुणी दारात उभं राहून तुम्हाला ऐकवले असते तर दात आवळले गेले असते, खांदे कानांकडे चढले असते, श्वास वरच्या वर अडकला असता. बोलणारं माणूस आतलंच आहे म्हणून शरीर काही सवलत देत नाही. तासन्‌तास वाकून बसणं हेही कारण आहेच. मशीनची उंची आणि दिव्याची जागा एकदा कुणाकडून तरी बघून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका.

दुसरी वाट मज्जासंस्थेतून जाते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं तिचं होतं. वर्षानुवर्षं धोक्याच्या सूचना मिळत राहिल्या की एरवी ज्या ओढीकडे तिने लक्षही दिलं नसतं, तिलाही ती वेदनेने उत्तर देऊ लागते. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं की, इजेनंतर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच जास्त हळवा होतो. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं की वैद्यकात त्याला जुनाट म्हणतात. तुमच्या मज्जासंस्थेला सरावासाठी चार वर्षं मिळाली आहेत. इजेची भीती, कामाचा ताण, स्वतःबद्दलची घृणा, हे सगळं तिच्या लेखी धोक्यातच जमा होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. ‘स्वभाव’ हा शब्द मात्र मी वापरला नसता. त्याने माणसाला वाटतं की, आता आपण आहोत तेही चूकच.

हा विचार नवाही नाही. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो हयातभर सांगत राहिले की, पाठदुखीच्या रुग्णांत स्वतःला सतत धारेवर धरणारी आणि राग गिळून सगळ्यांशी चांगलं वागू पाहणारी माणसं फार दिसतात. मेंदू स्नायूंचा रक्तपुरवठा कमी करतो, हे त्यांचं स्पष्टीकरण सिद्ध झालं नाही, आणि दिसेल त्या दुखण्याला तेच कारण चिकटवणाऱ्या त्यांच्या भक्तांशी माझं जमत नाही. पण मूळ निरीक्षण टाकाऊ नव्हतं. अमेरिकेत बोल्डर इथे १५१ पाठदुखीच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, एक उपचार दिला. दुखतं तेव्हा पाठ मोडत नसून मेंदू धोक्याचा अंदाज चुकवतोय, हे त्यांना बसून, वाकून, स्वतःच्या संवेदनांकडे न घाबरता बघून अनुभवायला लावलं. त्यांच्यापैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा नावापुरतं उरलं. पाठीत सलाइनचं (म्हणजे औषध नसलेलं, नुसत्या मिठाच्या पाण्याचं) इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. ही माणसं पाठदुखीची होती, मानदुखीची नव्हती. म्हणून ते आकडे जसेच्या तसे तुमच्या खांद्यावर ठेवू नका. दिशा तेवढी घ्या.

मग करायचं काय? चूक झाली की मेंदूत एक विद्युतलहर उठते, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. काळजीखोर माणसांत ती मोठी असते. तेव्हा टीप हलल्याबरोबर पोटात जे धस्स होतं ते थांबवायच्या भानगडीत पडू नका. ते हातात नाही, आणि खरं सांगायचं तर तीच तुमची नजर आहे, त्यावरच तुमचं नाव झालंय. त्यानंतरची अर्ध्या तासाची शिवीगाळ मात्र हातातली आहे.

त्या जागी ‘मी किती गुणाची’ वगैरे म्हणा, असं मी सांगणार नाही. तुम्हाला ते खोटं वाटेल. त्या मुलीच्या हातून चुकल्यावर तुम्ही जे वाक्य म्हणता, तेच म्हणा. ‘असू दे, इथपर्यंत उसव’ असलंच काहीतरी असणार. तोंडाने म्हणा, ऐकू येईल असं, आणि तिच्याशी बोलता त्याच आवाजात. आवाजाकडे लक्ष ठेवा. दात आवळून म्हटलेलं ‘असू दे’ शिवीतच मोडतं.

उसवण्याचा कायदा दिवसाउजेडी करून ठेवा, कपड्याला हात लावायच्या आधी. शिवण सुटेल, माप बिघडेल, अंगात घातल्यावर वाकडं दिसेल, ते उसवायचं. दिव्याखाली नाक टेकवल्यावरच दिसतं ते तसंच जाईल. रात्री सापडलेली चूक सकाळी बघायची. सकाळीही ती तेवढीच मोठी दिसली तर खुशाल उसवा, निदान मान ताजी असेल.

आता जो प्रयोग सांगते तो तुम्हाला आवडणार नाही. अस्तराच्या आतल्या बाजूची एखादी टीप हलली तर ती तशीच राहू द्या. कपडा देण्याआधी एका चिठ्ठीवर लिहा की, काय होईल असं वाटतंय : गिऱ्हाईक परत घेऊन येईल, चार जणींत बोलेल, पुढचं काम देणार नाही, जे मनात येईल ते. कपडा गेल्यावर प्रत्यक्षात काय झालं, ते त्याखाली लिहा. त्या रात्री खांदा नेहमीपेक्षा जास्त दुखू शकतो. धोका वाटला की वेदना चढते. तेवढ्यावरून काही बिघडलं असं समजू नका आणि घाबरून कपडा परत मागवू नका. पहिला कपडा जड जाईल, पुढचे कमी.

बसून राहण्याबद्दल एकच सांगते : उठायची वेळ बॉबिनला ठरवू द्या. बॉबिन संपली की दोरा भरायच्या आधी उभं राहायचं, दोन-चार पावलं चालायचं, लांबचं काहीतरी बघायचं. कपडा कितीही आटोपत आलेला असो. ‘एवढी बाही पुरी करते आणि उठते’ या वाक्याने फार माना धरल्या आहेत.

आणि ती वही! पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य तेच. शिवणाची परीक्षा होतीच, त्यात आता बरं होण्याचीही सुरू झाली, आणि तिच्यातही रोज तुम्हीच तुम्हाला नापास करता. दुखण्याचे गुण लिहिणं आजपासून बंद. रोजच्या रोज ‘किती दुखतंय, किती दुखतंय’ म्हणून खांद्याला विचारलं तर तो उत्तर देणारच. व्यायाम दोन दिवस राहिला तर तिसऱ्या दिवशी निम्माच करा. मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करू नका. पुढच्या वेळी फिजिओला एवढंच विचारा की, अगदी कंटाळा आलेल्या दिवशी कमीत कमी किती केलं तरी चालेल. तो आकडा लहान असेल. तोच तुमचा व्यायाम, बाकीचा वरकड.

प्रश्न : माझे पती हिशेबाच्या कामात आहेत. कंबरदुखी जुनीच. कामावरून आले की मला विचारतात, ‘‘आज पाठवलेल्यात काही चुकलं तर नसेल ना?’’ मी सांगते, नाही चुकलं. तासाभराने पुन्हा तेच. शिवाय आमच्या चुकाही त्यांना खपत नाहीत. मुलांच्या वहीत एक खाडाखोड दिसली की घर डोक्यावर घेतात, आणि नंतर कंबर धरून बसतात. मी कसं वागावं?

उत्तर : त्यांच्या कामातलं तुम्हाला काही ठाऊक नाही, तरी ‘नाही चुकलं’ असं तुम्ही छातीठोकपणे सांगता, आणि हे त्यांनाही कळतं. म्हणून तर तासाभरात पुन्हा प्रश्न येतो. दिलासा मिळतो त्या क्षणापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी शंका सहन करायची ताकद तेवढीच कमी होते. एखाद्या निवांत वेळी (भांडणाच्या वेळी नव्हे) सांगून ठेवा की, यापुढे मी एकदाच उत्तर देईन. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणा, ‘‘शंका आलीय, ती राहू दे थोडा वेळ,’’ आणि दुसरा विषय काढा. सुरुवातीला ते चिडतील. चिडू दे.

पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून तशी अपेक्षा करतंय अशी समजूत. तुमच्या घरी तिन्ही नांदताना दिसतात. त्यांना आतून जे ऐकावं लागतं तेच मुलांच्या वाट्याला येतं, हे समजून घेता येईल, पण खपवून घेऊ नका. कंबर दुखते म्हणून मुलांवर ओरडायची मुभा मिळत नाही, आणि हे तुम्ही त्यांना त्याच दिवशी, आवाज न चढवता सांगायला हवं. ओरडून झाल्यावर कंबर धरून बसतात तेव्हा शेक द्यायला धावू नका. गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवली आहे, ते त्यांना ठाऊक असेल. एरवी मात्र कंबर सोडून बाकीच्या गोष्टींबद्दलही त्यांना विचारत जा. दुखणाऱ्या माणसाला घरात फक्त दुखण्याबद्दल विचारलं जातं, आणि मग त्याच्याकडे बोलायला तेवढंच उरतं.

प्रश्न : वय ६८, निवृत्त अभियंता. पाठ आणि गुडघे. स्वतःशी जरा मायेने वागावं, असं आपण पूर्वी या सदरात सुचवलं होतं. त्यानुसार तक्ता केला आहे. सकाळी ६ ते ६.२० श्वसन. ६.२० ते ६.४० स्वतःविषयी चांगले विचार. रात्री, दिवसभरात स्वतःला किती वेळा दोष दिला त्याची बेरीज. आकडा खाली येत नाही. काय चुकतं आहे?

उत्तर : बेरीज. ती काढून टाका. सकाळचं श्वसन राहू द्या, पण श्वास मोजू नका. ६.२० ते ६.४० या वेळात स्वतःविषयी काहीच विचार करायचा नाही. गुडघ्यांना झेपेल तेवढं फिरून या, आणि जाताना घड्याळ घरी ठेवा. तक्ता तुम्ही पट्टीने रेघा मारून केला असणार. पुढचं पत्र त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा, आणि खोडलेलं खोडलेलंच राहू द्या, मला वाचता येतं.